शकूच्या पदरातले तांदूळ

या, जवळ सरकून बसा जरा. तुम्हा पोरांची एक खोड मला मुळीच आवडत नाही... कुणी जीव लावून आपला अनुभव लिहितं आणि तुम्ही खाली लिहिता, "फेकू नका." घरच्या आजीला असं बोलाल का? आधी ऐका, मग काय लिहायचं ते लिहा.

मी स्वतः असल्या गोष्टी कधी मानल्या नाहीत. चकवा, झपाटणं — सगळं ऐकलं आणि सोडून दिलं. शाळा माझी लवकर सुटली, पुढचं वाचणं-लिहिणं माझं मीच शिकले, पण डोकं ठिकाणावर आहे.

आमचं माहेर आंबेगाव तालुक्यात, घोडेगावहून एसटीनं वर डोंगरात. गावाचं नाव नाही सांगत, उगाच गर्दी व्हायची. आईवडील कधीच गेले. मागोमाग भाऊ-भावजय गेली, भाचा मुंबईला, घराला कुलूप. मागच्या दिवाळीत माझी धाकटी बहीण शकू पुण्याहून फोनवर म्हणाली, "आक्का, एकदा शेवटचं जाऊन येऊ. मग मी काही परत यायची नाही. कुणासाठी यायचं?"

तर गेलो. शेजारच्या दत्तानं पाहुण्यांसाठी खोल्या काढल्यात, तिथं उतरलो. स्वतःच्या माहेरात भाडं देऊन राहिलो बघा. शकू खिडकीतून आमच्या घराच्या कुलपाकडं बघत बसायची. धड जेवायची नाही.

हा दत्ता पाहुण्यांना ट्रकच्या ट्यूबवर बसवून नदीतनं फिरवतो. आमच्या नदीनं एके ठिकाणी कातळ आरपार पोखरलाय — वर दगडाचं छप्पर, खाली पाणी. आम्ही त्याला भुयार म्हणतो. लहानपणी कमरेला सुके भोपळे बांधून आम्ही दोघी त्यातनं पार व्हायचो. पलीकडच्या तोंडाशी आई फोक घेऊन उभी. मारायची मात्र कधी नाही... फोक टाकून डोकं पुसायला लागायची.

मीच शकूला म्हटलं, चल, ट्यूबवर बसू. दोन म्हाताऱ्या नदीवर निघालेल्या बघून धुणं धुणाऱ्या बायांना हसू आवरेना. एक म्हणाली, "आज्ये, कवळी काढून ठिवा, न्हाईतर माशे घालतील." शकू त्या अख्ख्या मुक्कामात तेव्हा पहिल्यांदा हसली.

दत्तानं लाइफ जॅकेटं चढवली. आम्ही पदर कमरेला घट्ट खोचले. तिन्ही ट्यूबा एका दोरीत — पुढं दत्ता, मधे मी, मागं शकू. "पाय वर ठिवा, हात आत," दत्ता म्हणाला. "बाकीचं पाणी बघतंय."

भुयारात शिरलो आणि ऊन मागं राहिलं. अंगावर गारवा, वटवाघळांचा तोच जुना वास, छपरातनं ठिबकणारं पाणी... निम्म्यात गेल्यावर ट्यूबा थांबल्या. पाणी तर खालून वाहत होतं, पाठीला लागत होतं ना माझ्या — पण आम्ही जागच्या जागी. तेवढ्यात मागून शकू हळूच म्हणाली, "आक्का, पदर ओढू नको ना."

माझे दोन्ही हात माझ्या ट्यूबवर होते.

भीती वाटली नाही, हे अगदी खरं. लहानपणी तापात कुणीतरी उशाशी बसलंय असं वाटायचं ना, तसं वाटलं. मग ट्यूबा हलल्या आणि आम्ही उजेडात आलो.

शकूचा खोचलेला पदर सुटून मांडीवर पसरला होता. त्यात ओंजळभर तांदूळ, एक हळकुंड आणि एक वाळलेला हिरडा. आम्ही दोघी चिंब. तांदूळ कोरडे.

माहेराहून लेक निघाली की आई तिची ओटी भरते, हे तुम्हाला ठाऊक असेल. तांदूळ, हळकुंड, सुपारी. आमच्या आईला सुपारी विकत आणणं जमायचं नाही, हिरडा डोंगरात लई, म्हणून ती सुपारीच्या जागी हिरडा घालायची. दुसरं कुणी घालताना मी पाहिलेलं नाही. आणि शकूचा नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. आमच्याकडं अशा बाईची ओटी कुणी भरत नाही. तिची भरायला आईच पाहिजे.

दत्ता म्हणाला, वरल्या अंगाला कुणी नदीची ओटी भरली असेल, आलं असेल वाहत. मी म्हटलं, मग कोरडी कशी रे? त्यानं मागची दोरी हातात घेऊन बघितली. म्हणाला, "दोरी मागनं कुणी धरल्यावानी ताणली व्हती. मला वाटलं, तुमीच कपारीला धरलं."

खरं सांगू? मला जरा रागच आला. माझ्या मांडीवर एक दाणा नाही. आईचं कायम धाकटीकडं जास्त.

शकू रडेल असं वाटलं होतं. रडली नाही. ओटी भरली की लेकीनं त्यातले चार दाणे माघारी घरात टाकायचे असतात — म्हणजे ती परत येणार. शकूनं चिमूटभर तांदूळ उचलले, भुयाराकडं वळली आणि आत पाण्यावर टाकले. मग म्हणाली, "दत्ता, पुढच्या दिवाळीला खोली धरून ठेव. दोघींची."

उरलेले तांदूळ तिनं पुण्याला नेऊन शिजवले. चव कशी होती विचारलं, तर फोनवर म्हणाली, "आक्का, एक शीतसुद्धा मागं ठेवलं नाही."

तुम्ही शिकलेले आहात, शोधा कारण. दत्तानं मस्करी केली म्हणाल, तर तो माझ्याही पुढं होता आणि आमच्या हिरड्याचं त्याला काय ठाऊक? मी लई डोकं चालवलं... सापडत नाही.

ते जाऊ द्या. तुम्ही या. घोडेगावात माझं सासरचं घर स्टँडपासून जवळ आहे, चहा घेऊ, मग मी स्वतः वर घेऊन जाते. ज्या लेकींचं माहेर संपलंय, त्यांनी तर लवकर या. फक्त ती जीन्सबिन्स घरी ठेवा आणि पदराचं काहीतरी नेसून या.