जोडीतलं दुसरं नाव

माझे दाजी, म्हणजे थोरल्या ताईचे यजमान, थडग्यांवर हिब्रू अक्षरं कोरतात. उजवीकडून डावीकडे, छिन्नीने. कोरण्याआधी प्रत्येक नाव घरच्यांना मोठ्याने वाचून दाखवतात, कारण दगडावरची चूक खोडता येत नाही. फक्त एका नावाचा कागद आला की तो गिऱ्हाइकापुढे सरकवून म्हणतात, "तुम्हीच वाचा."

ते त्यांच्या धाकट्या भावाचं नाव. आम्हा ज्यूंच्या घरांत भावंडांची नावं एकमेकांना शोभावी लागतात. एकाचं धर्मग्रंथातलं आणि दुसऱ्याचं सिनेमातलं, असलं चालत नाही. या दोघांची तर धर्मग्रंथातल्या भावांच्या जोडीचीच, इतकी जुळलेली, की त्यांची आई दोन्ही नावांनी एका दमात हाक मारायची. आधी थोरल्याचं, मागोमाग धाकट्याचं. नऊ वर्षांच्या दाजींनी एकदा रस्त्यापलीकडून एकट्या धाकट्याला हाक मारली. तो धावत आला. ट्रकही आला.

तेव्हापासून ते नाव त्यांनी तोंडातून काढलेलं नाही. लोकांना काय, दाजींचं नाव कळलं की हसत विचारतात, "आणि दुसरा कुठाय?" साठ वर्षं हा प्रश्न त्यांची पाठ सोडत नाही. मला त्या लोकांचा भयंकर राग येतो. पहिल्या भेटीत मीही हेच विचारलं होतं.

यंदा भाचीला दुसरा मुलगा झाला. थोरल्याच्या नावाशी काही जुळेना, घरात नुसता काथ्याकूट. त्यात आमच्याकडे नाव ठेवायचं ते गेलेल्या माणसाचं. जिवंताचं ठेवलं तर मृत्यू गोंधळून भलत्यालाच नेतो म्हणतात. शेवटी भाची म्हणाली, "बाबा, काकांचंच ठेवू या. छान जुळतंय. पण सांगायचं तुम्ही. तुम्हाला जमणार नसेल तर नाही ठेवायचं."

"हाक मारली की धावत येईल तो," दाजी म्हणाले.

"यायलाच हवा ना."

 दाजी तीन दिवस धड जेवले नाहीत.

आठव्या दिवशी, सुंता करून नाव ठेवायच्या वेळी, बाळ दाजींच्या मांडीवर होतं. विधी करणाऱ्यांनी बाळाचं नाव विचारलं. दाजींनी खणखणीत आवाजात स्वतःचंच नाव सांगितलं. ताईने कपाळाला हात लावला. भाचीचा चेहरा पांढराफटक पडला. 

"आजोबा, हे तुमचं झालं," विधी करणारे हळूच म्हणाले. "बाळाचं सांगा."

"माझ्या मागूनच येतं ते," दाजी म्हणाले. "थांबा जरा. येईल."

आम्ही थांबलो. मग त्यांनी ते नाव घेतलं, पण इतकं हळू की कुणाला ऐकूच आलं नाही. पुन्हा विचारल्यावर त्यांनी ते मोठ्याने घेतलं, आणि घेताना बाळाला दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवलं.