एका दमात फुंकणारा

आमच्या कारखान्यात प्रयोगशाळेची काचेची भांडी बनतात. भांडार माझ्याकडे आहे. निवृत्तीला अकरा महिने उरलेत. माझ्या धाकट्या बहिणीचा नवरा तिथेच काच फुंकतो. सगळे त्याला भाता म्हणतात. ज्योतीवर मऊ झालेली काच फुंकून लिटरभराचा चंबू तो एका दमात फुगवायचा, भिंत सगळीकडे सारखी. इतरांना दोनदा थांबावं लागे.

तीन वर्षांपूर्वी त्याने सिगारेट सोडून व्हेप, म्हणजे ती बॅटरीवरची सिगारेट, धरलं. बहिणीला हायसं वाटलं, मलाही. खोकल्यावरून टोकलं की म्हणायचा, "दादा, नुसती वाफ आहे. तुमच्या चहातून निघते तीच."

गेल्या वर्षापासून त्याचे चंबू एका बाजूला पातळ येऊ लागले. त्याने दोष काचेच्या नळ्यांना दिला. इतक्या जुन्या कारागिराचा शब्द. मी नळ्यांच्या दोन खेपा परत पाठवल्या. तिसऱ्या वेळी पुरवठादाराने विचारलं, "साहेब, बाकीच्यांचंही असंच होतंय का?"

हा प्रश्न मला आधी सुचायला हवा होता. बाद भांड्यांच्या चिठ्ठ्या टेबलांनुसार लावल्या. एक्केचाळीसपैकी छत्तीस भात्याच्या. शेजारच्या टेबलावरची बाई त्याच पेटीतल्या नळ्या घेऊन मुकाट्याने चांगले चंबू काढत होती.

"तो मधेच खोकतो," ती म्हणाली. "काच थोडीच वाट बघते?"

"मग मला सांगितलं का नाहीस?"

"तुमचा मेहुणा. तुम्हीच नळ्या परत पाठवत होतात. मी मधे कशाला पडू?"

ज्योतीवर काम करणाऱ्यांची फुफ्फुसं दरवर्षी तपासतात. आकडा कमी आला की पॅकिंगमध्ये बदली. "खोकी बांधायला मी जन्मलो नाही," असं भाता आठवडाभर ऐकवत होता. तपासणीला मीच त्याच्याबरोबर गेलो. "फुंका, फुंका, सोडू नका," नर्स सांगत होती. तिन्ही वेळा तो खोकला.

डॉक्टरांनी कागद पाहिला. "ती वाफ नसते, बारीक थेंब असतात. निकोटीन आणि वासाची रसायनं थेट आत जातात. श्वासनलिका सुजल्यात. सिगारेटचा वाटा किती, याचा किती, ते वेगळं काढता येणार नाही. आज सोडलंत तर थोडंफार भरून येईल. तीन महिने ज्योत बंद, मग पुन्हा बघू."

बाहेर आल्यावर भाता म्हणाला, "दादा, त्या मशीनची नळी गळत होती. तक्रार लिहून द्या ना. तुमचं अक्षर चांगलं आहे."

"त्याच मशीनवर तुझ्या आधी शेजारच्या टेबलावरची बाई पास झाली."

जिना चढताना तो दोनदा थांबला. पहिल्यांदा दम लागला म्हणून. दुसऱ्यांदा का थांबला ते बघायला मी वळलो, तर त्याच्या तोंडात व्हेप होतं.