एकाच माणसाची जागा

एलेओदोरो वामानी गाड्यांच्या सीटांना कापड चढवायचा. कान्येते गावात बसस्टँडच्या मागे त्याचं दुकान. फाटकीतुटकी सीट त्याच्या हातून बाहेर पडली की मालकालाही ओळखू यायची नाही. माणूस सरळ, कामाला वाघ, पण एक खोड होती. कुणाचं काही घ्यायचा नाही. शेजाऱ्याने शिडी देऊ केली तरी हा खुर्चीवर खुर्ची रचून छपरावर चढायचा.

"आज घ्यायची, आणि उद्या तोंडावर मारून घ्यायची," तो म्हणायचा.

"अरे म्हाताऱ्या, शिडी कोण तोंडावर मारतं?" त्याची बायको सेनाइदा हसायची.

त्यांची एकुलती एक लेक नेलिदा. तिला इटलीत एका आजारी बाईची देखभाल करायचं काम मिळालं. ती राजधानीत, लिमाला, मावशीकडे राहून तयारी करत होती. विमान संध्याकाळी सुटणार होतं आणि आईबापांनी परस्पर विमानतळावर यायचं ठरलं होतं. सेनाइदाला तेव्हा काचबिंदू झालेला होता. कडेचं दिसायचं बंद झालं होतं, समोरचं अजून दिसायचं, आणि तेही हळूहळू जाणार हे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं.

"बसने जाऊ या," ती म्हणाली.

"दारात गाडी असताना बस कशाला?"

गाडी म्हणजे त्याची जुनी पिकअप. तिचं सगळं दुखणंखुपणं तो स्वतःच बघायचा, मेकॅनिकला हात लावू द्यायचा नाही. लिमाच्या वाटेवर चिल्का गावाच्या अलीकडे, एका बाजूला वाळूच्या टेकड्या नि दुसऱ्या बाजूला धुक्यात बुडालेला समुद्र अशा जागी, बॉनेटमधून भसाभसा वाफ निघाली आणि गाडी बसली. पाण्याचा पंप गेला होता. एलेओदोरोने बॉनेट उघडताना तळहात भाजून घेतला, इकडे फुंकलं, तिकडे ठोकलं, आणि शेवटी रस्त्याकडेच्या मदतीच्या फोनवरून क्रेन मागवली.

"क्रेन निघेल, पण पुढे ट्रक उलटलाय, तिथे अडकलीय," पलीकडचा म्हणाला. "तोवर गाडीत बसू नका. कठड्यापलीकडे थांबा."

दोघं कठड्यापलीकडे वाळूत बसली. लेकीसाठी केळीच्या पानात बांधून उकडलेले मक्याचे गरम तामाल सेनाइदाच्या मांडीवर होते. एकेक ट्रक असा अंगावरून गेल्यासारखा जायचा की पिकअप गदगदा हलायची. लांबून क्रेनसारखं पिवळं काही दिसलं की एलेओदोरो उठून उभा राहायचा. कधी तो सिमेंटचा ट्रक असायचा, कधी शाळेची बस.

मग एक लहान व्हॅन पुढे जाऊन थांबली आणि मागे आली. आत काठोकाठ फुलं, स्टिअरिंगवर खणखणीत आवाजाची एक बाई.

"काय झालं काका?"

"काही नाही. क्रेन येतेय."

"लेक चाललीय इटलीला," सेनाइदा मध्येच बोलली. "विमानतळावर निघालो होतो."

"अगं बाई! मग चला की! मागे फुलं आहेत, पण पुढे एका माणसाची जागा आहे. माईंना सोडते. मी कायाओलाच चाललेय, विमानतळाच्याच बाजूला."

सेनाइदा उठली. स्कर्टवरची वाळू झटकली.

"नको, नको," एलेओदोरो म्हणाला. "तुम्हाला उगाच त्रास."

"त्रास कसला? वाटेतच तर आहे."

"तिला धड दिसत नाही. एवढ्या गर्दीत एकटी काय करेल?"

"मी आत नेऊन पोरीच्या हातात हात देते ना!"

"आलीच क्रेन. आम्ही दोघं बरोबरच जाऊ."

बाईने सेनाइदाकडे पाहिलं. "माई, तुम्ही बोला."

सेनाइदाने नवऱ्याकडे पाहिलं. परक्यासमोर त्याचा शब्द तिने कधी खाली पडू दिला नव्हता. ती परत वाळूत बसली. व्हॅन गेली. फुलांचा वास थोडा वेळ राहिला, मग डिझेलच्या धुरात तोही गेला.

तामाल पुन्हा मांडीवर घेत ती फक्त एवढंच म्हणाली, "जागा होती रे."

क्रेनच्या आधी एलेओदोरोच्या मोबाइलवर नेलिदाचा फोन आला. "पप्पा, कुठे आहात? मला आत बोलावतायत." "गाडी बंद पडली गं," तो म्हणाला. सेनाइदाने फोन काढून घेतला. "रडू नको गं. काय घातलंयस ते सांग मला."

"निळा स्वेटर."

"कुठला निळा?"

नेमका तेव्हाच एक ट्रक भोंगा वाजवत गेला. उत्तर ऐकूच आलं नाही.

क्रेन आली तेव्हा अंधारून आलं होतं.

नेलिदाचे तिकडे राहायचे कागद व्हायला फार वर्षं गेली, आणि तोवर तिला येता येईना. ती पहिल्यांदा घरी आली, तेव्हा सेनाइदाची नजर पुरती गेलेली होती. तिने लेकीचं तोंड दोन्ही हातांनी चाचपलं. "गाल बसलेत गं तुझे. केस का कापलेस?"

जेवताना नेलिदाने विचारलं, "त्या दिवशी मी शेवटपर्यंत दाराशी उभी होते. काहीच मिळालं नाही का यायला?"

एलेओदोरोचा घास हातातच राहिला. तो बोलणार, तेवढ्यात सेनाइदा म्हणाली, "कुण्णी थांबलं नाही बघ. सगळ्यांना आपापली घाई."

तो ताटावरून उठला आणि दुकानात जाऊन बसला. तिने चारदा बोल लावले असते, तर त्याला सोपं गेलं असतं. ती म्हणाली असती 'मी जाते', तर आपण तिला जाऊ दिलं असतं का, हे त्याने आजवर कितीदा तरी स्वतःला विचारलं होतं. नसतं जाऊ दिलं, हेही त्याला पक्कं ठाऊक होतं.

नेलिदा परत निघाली तेव्हा तिघंही बसने विमानतळावर गेली. मायलेकी एकमेकींना सोडता सोडेनात. शेवटी नेलिदा काचेच्या दारातून आत गेली, एकदा वळली, आणि गर्दीत दिसेनाशी झाली.

"दिसतेय का रे अजून?" सेनाइदाने विचारलं.

एलेओदोरोने रिकाम्या दाराकडे पाहिलं.

"दिसतेय ना. हात हलवतेय तुला."

सेनाइदाने हात वर केला आणि हलवत राहिली. तिचा हात भरून येईपर्यंत तो तिच्या शेजारी उभा राहून सांगत होता, आहे, अजून आहे, इकडेच बघतेय.