शेवटच्या मिनिटातली घाई

"मना हलदीला जावाचा व्हता, दुसरा काय नाय," मिथुन एकदा वैदेहीला म्हणाला होता.

वैदेही 'शेड सात' या बँडचा इतिहास लिहीत होती. घणसोलीची चार पोरं, रबाळ्यातली एक पत्र्याची शेड, कारखान्याच्या सुट्टीच्या दिवशी बसवलेली आठ गाणी आणि एकुलतं एक रेकॉर्डिंग. बँड मोडून अकरा वर्षं झाली, तरी ऐकणारे अजून एकाच गोष्टीवर वाद घालत: अखेरच्या गाण्याच्या शेवटच्या मिनिटात ड्रम्स एकाएकी पळत का सुटतात? कुणाला त्यात शहराची धाप ऐकू आली, कुणाला खाडीची भरती.

ड्रमर मिथुन तिला तळवलीत सापडला. खाली दुकान, वर भाडेकरू, मधल्या मजल्यावर तो. रेकॉर्डिंगच्या दिवशी त्याच्या भावकीत हळद होती आणि तिथे वाजवणाऱ्या बँजो पार्टीत ताशा त्याच्याकडे. घरचाच वाजवणारा आला नाही, तर वर्षभर बोलणी. म्हणून त्याने गाणं हाकललं, आणि हाकलताना हात आपसूक हळदीच्या ठेक्यावर गेला.

"आमचा वरद गातागाता डोले वटारीत व्हता," तो हसला. "पन थांबला नाय."

आता बँड एका कार्यक्रमासाठी पुन्हा जमणार होता. मिथुनने नव्या काठ्या आणल्या. पुन्हा त्या तिघांत बसायचं, एवढंच त्याला हवं होतं.

तालमीच्या खोलीत वरदने त्याला मिठी मारली. "काय रे मिथ्या, पोट सुटलं तुझं."

"तुजं केस कुठं गेलं?"

सगळे हसले. वैदेहीने रेकॉर्डर लावला आणि मिथुनसमोरच वरदला तो प्रश्न विचारला.

"ते मी बसवलेलं," वरद सहज म्हणाला. "शहर कसं अंगावर येतं, ते दाखवायचं होतं. महिनाभर घोटून घेतलं याच्याकडून. हो ना रे?"

तो खोटं बोलतोय असं वाटेना. इतक्या मुलाखतींत सांगून त्याला तसंच आठवत असावं. त्याने मिथुनच्या हातात हेडफोन दिला. "त्या मिनिटाचा वेग कॉम्प्युटरवर मोजून ठेवलाय. टिकटिक ऐकत वाजव, म्हणजे इकडंतिकडं होणार नाही."

मिथुनने वैदेहीकडे पाहिलं. खरं काय ते तिला ठाऊक होतं. ती बोलेल म्हणून तो क्षणभर थांबला. तिला मात्र वरदने ही गोष्ट पहिल्यांदा कधी रचली असेल, याचंच कुतूहल वाटत होतं. ती वरदकडेच बघत राहिली.

मिथुनने हेडफोन स्टुलावर ठेवला, दाराशी चपला पायांत सरकवल्या आणि निघून गेला.