ज्याचे शब्द त्याच्या तोंडात

मी इंग्रजी शिकायला गेले ती रागाने. नोकरीसाठी नाही, परदेशात जायला तर नाहीच. कर्जत स्टेशनजवळ मोबाइलच्या दुकानाच्या वर एक क्लास चालतो. शेलूहून येणारी हॉटेल मॅनेजमेंटची पोरं, मुलांच्या शाळेत बाईंशी बोलता यावं म्हणून आलेल्या दोन तरुण आया, आणि मी. मला एका फार्महाउसवाल्यांना अर्ज लिहायचा होता.

कशाचा, ते आधी सांगते. कशेळ्याच्या पुढे डोंगराच्या पायथ्याला एक आदिवासी वाडी आहे. तिथली एक मावशी त्या फार्महाउसवर चुलीपुढे बसून भाकऱ्या थापायची. मुंबईहून लोक येतात, गाडीतून उतरतात आणि तिच्या हातांचे फोटो काढतात. पीठ, जाळ, हिरव्या बांगड्या. पाटीवर लिहिलंय, ‘अस्सल गावरान’. एका दुपारी मावशी चुलीपुढून घामाघूम होऊन उठली आणि पाहुण्यांच्या फिल्टरचं पाणी पाहुण्यांच्या काचेच्या ग्लासातून प्यायली. एका बाईंनी ते पाहिलं आणि मॅनेजरला सांगितलं. मॅनेजर मावशीला सगळ्यांसमोर नको नको ते बोलला, ग्लास कचऱ्याच्या डब्यात टाकला आणि म्हणाला, उद्यापासून यायचं नाही. त्या दिवशी तिने थापलेल्या भाकऱ्या मात्र सगळ्या संपल्या होत्या. एक उरली नव्हती.

मला तेव्हापासून त्या पाटीची किळस येते.

मावशीला काम परत हवं होतं. तेच, चुलीपुढचं. आम्ही काही मुलंमुली दहिवलीत एक गट चालवतो. पोलिसांत जाऊ, असं आम्ही म्हणालो. ती म्हणाली, “मला काम पायजे गं, कोर्ट नको. कोर्टात भाकऱ्या कोण थापू देल?” मग मी मराठीत अर्ज लिहिला. मी पत्रकं लिहून तयार झालेली मुलगी. आमच्या घरी बाबासाहेबांच्या फोटोखाली पत्रकांचा गठ्ठा कायम असतो, आणि कुणी काय केलं हे पहिल्या ओळीत सांगायचं, एवढंच मला येतं.

उत्तर इंग्रजीत आलं. ‘ड्यू टू हायजीन कन्सर्न्स’ तिची सेवा थांबवण्यात आलेली आहे. खोपोलीच्या वाटेवर खालापूर तालुक्यात आमची दुसरी जागा आहे, तिथे संडास-बाथरूम धुण्याचं काम देता येईल. तक्रार असल्यास इंग्रजीत लिहून द्यावी, मुख्य ऑफिस मुंबईला आहे. म्हणजे जिच्या हातचं खाल्लं तिचा ओठ ग्लासाला चालत नाही, पण तिचा हात संडासात चालतो, आणि हे सगळं स्वच्छतेसाठी. मी त्याच संध्याकाळी क्लासची फी भरली.

सर वाईट माणूस नव्हते. बंद पंख्याखाली शर्ट ओला होईपर्यंत शिकवायचे. दुसऱ्याचं बोलणं आपल्या वाक्यात कसं आणायचं, हा धडा चालू होता. फळ्यावर त्यांनी बाण काढले. ‘आय’चा ‘ही’ होतो. ‘टुडे’चा ‘दॅट डे’ होतो. ‘हिअर’चा ‘देअर’ होतो. मी उतरवून घेत होते. ‘मी’चा ‘तो’, ‘आज’चं ‘त्या दिवशी’, ‘इथे’चं ‘तिथे’. घडलेली गोष्ट सरकवत सरकवत पार नजरेआड करायची. सर म्हणाले, “बघ, किती नीटनेटकं होतं.”

पुढच्या आठवड्यात कारण आणि परिणाम. मी वाक्य केलं, मॅनेजरने तिला काढलं कारण त्याला तिची घाण वाटते. सरांनी त्यावर लाल रेघ मारली आणि वर लिहिलं, ‘ड्यू टू सम मिसअंडरस्टँडिंग’.

“सर, गैरसमज कुणाचा?”

“कुणाचा नाही गं. इंग्रजीत असं लिहिलं की कुणाचा लागत नाही.”

शेलूची पोरं हसली. एक म्हणाला, “ताई, असंच लिहायचं. आमाला हॉटेलात तेच शिकवतात. ग्लास मी फोडला नाय, ग्लास फुटला.” तो गमतीत बोलला, पण मला त्या खोलीत बसवेना.

अर्जात मॅनेजरचे शब्द जसेच्या तसे हवे होते. ‘अपमान केला’ म्हटलं की समोरचा म्हणतो, थोडं मोठ्याने बोलला असेल. म्हणून मी वाडीवर गेले. मावशी दारात मिसरी लावत बसली होती.

“मावशी, तो नेमकं काय बोलला?”

“वाईट बोलला.”

“म्हणजे काय?”

“वाईट म्हंजे वाईट. इंग्रजी शिकतीस आन् वाईट कळत नाय तुला?”

“शब्द सांग ना. मला लिहायचेत.”

तिने आत बघितलं. आत तिची नात झोपली होती. “घरात नाय,” म्हणाली आणि उठली.

ती मला वाडीखालच्या ओहोळावर घेऊन गेली. माझ्याकडे पाठ केली आणि बोलली. दोनच वाक्यं. एकात तिची जात होती, दुसऱ्यात तिची मेलेली आई होती. मग ती वाकली, ओंजळीत पाणी घेतलं, खळखळून चूळ भरली आणि लांब थुंकली. तिच्या आईने सगळ्या भावंडांना लहानपणापासून तसंच वळण लावलं होतं. दुसऱ्याची घाण शिवी सांगायची वेळ आली तर घराबाहेर सांगायची आणि चूळ भरल्याशिवाय आत यायचं नाही.

“तू बी भर,” ती म्हणाली.

“मी कुठे बोलले?”

“लिवणार हायस ना.”

मी भरली. परत येताना तिने विचारलं, “इंग्रजीत लिवलं तर लागंल का गं त्याला?”

मी त्या दोन वाक्यांचं भाषांतर केलं नाही. इंग्रजी अर्जाच्या मधोमध ती मराठीत, अवतरण चिन्हांत, जशीच्या तशी ठेवली. सरांनी तपासताना ती खोडून ‘इनअप्रोप्रिएट लँग्वेज’ केलं होतं. मी सरांचं खोडून पुन्हा माझं लिहिलं.

मुख्य ऑफिसचा माणूस फार्महाउसवर आला. माझ्याच वयाचा, जीन्समधला, गोड बोलणारा. बैठकीला तो, मॅनेजर, मावशी आणि मी. त्याने मला बाटलीबंद पाणी दिलं, मॅनेजरला दिलं, स्वतः घेतलं. मावशीपुढे कागदी कप आला. त्याला यात काही दिसलंच नाही, आणि मला त्याचीच जास्त किळस आली.

त्याने अर्ज भरभर वाचला आणि अवतरण चिन्हांपाशी थांबला. “हे आपण वाचलं असं धरूया.”

“नाही धरायचं,” मी म्हणाले. “मी वाचते.”

मी कागद ओढला तसं मावशीने माझं मनगट धरलं. “तू नको. तुजं हायत का शब्द? त्याला बोलू दे.”

जीन्सवाल्याला चारची गाडी गाठायची होती. तो मॅनेजरला म्हणाला, “वाचून टाका. बोलला असाल तर हो म्हणा, मोकळे व्हा.”

मॅनेजरने कागद घेतला. “मी असं म्हणालो होतो की या बाईंची जी काही—”

“तसं नाय, सायेब,” मावशी म्हणाली. “तवा बोललास तसं.”

तो बोलला. खाली मान घालून, पण तसंच, दोन्ही वाक्यं. जीन्सवाला फोनमध्ये बघत होता. ते शब्द मी इथे लिहीत नाही. ते माझे नाहीत.

मावशी उठली. फिल्टरपाशी गेली, पाहुण्यांच्या फळीवरचा काचेचा ग्लास घेतला, भरला आणि मॅनेजरपुढे ठेवला. “चूळ भर. आत बोललास.”

मला वाटलं, आता हा ग्लास भिंतीवर जाणार. त्याने तो उचलला आणि बाहेरच्या ओट्यावर गेला. खळखळ ऐकू आली, मग थुंकल्याची. का भरली, मला माहीत नाही. त्याला लाज वाटली असेल, किंवा साहेबापुढे लवकर संपवायचं असेल. तिथे कुठलं ‘ड्यू टू’ लावायचं ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

काम परत मिळालं, चुलीपुढचंच. पत्र इंग्रजीत आलं. काही गैरसमजामुळे निर्माण झालेला प्रश्न सामोपचाराने मिटवण्यात आला आहे. एवढं शिकून पहिलं पत्र मी डिक्शनरीशिवाय वाचलं, आणि त्यात एकाही माणसाने काही केलेलं नव्हतं.

“काय लिवलंय?” मावशीने विचारलं.

“काम दिलंय.”

“आन्?”

“आणि काही नाही.”

पुढच्या रविवारी मी बघायला गेले. पाहुणे फोटो काढत होते. चुलीशेजारी एक नवा स्टीलचा ग्लास आला होता, बुडाला लाल नेलपॉलिशचा ठिपका. स्टाफचा. कुणी ठेवला विचारलं तर कुणालाच माहीत नाही, ठेवला गेलाय.

मावशीने भाकरी उलटली, उठली, फळीवरचा काचेचा ग्लास घेतला आणि पाहुण्यांच्या मधे उभी राहून सावकाश पाणी प्यायली. मग लाल ठिपक्याचा ग्लास टोपलीतल्या कण्यांत बुडवून भरला आणि मागच्या अंगणात कोंबड्यांना दाणे टाकायला गेली.