आडवं ठेवलेलं वाळूचं घड्याळ

आज दुपारी घरात जे झालं ते तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवत नाहीये.

आमच्या पौडच्या घरी सामान्यज्ञानाचा एक जुना पटाचा खेळ आहे. सोबत वाळूचं छोटं घड्याळ. वाळू संपायच्या आत उत्तर द्यायचं. अम्मी चौथी शिकलेली. तिची पाळी आली की अब्बा ते घड्याळ गुपचूप आडवं करायचे. वाळू थांबायची. आम्ही भावंडं कितीही ओरडलो तरी तिचं उत्तर येईपर्यंत ते आडवंच.

यंदा अब्बांना अर्धांगवायू झाला. शब्द येतात, पण उशिरा. त्यांना बोलतं करावं म्हणून मी हौसेनं त्याच खेळाचा व्हिडिओ गेम आणला आणि टीव्हीवर लावला. त्यांनी बोलायचं, मी रिमोटनं उत्तर निवडायचं.

प्रश्न आला, महाराष्ट्राचा राज्यप्राणी कोणता? ताम्हिणीच्या रानात अब्बांनीच मला तो दाखवला होता. त्यांचे ओठ हलले. दहा सेकंद संपले, भोंगा वाजला, लाल फुली आली. मग ते म्हणाले, "शे... करू."

"टाइम संपला, नाना," माझी मुलगी आजोबांना म्हणाली.

असं पाच वेळा झालं. सहाव्यांदा अब्बांनी मान फिरवली. "तुमी... खेळा. माझ्यापायी... थांबू नका."

संध्याकाळी भावाला फोन करून मी त्या गेमला भरपूर शिव्या घातल्या. मशीनला कसली आलीय माणुसकी, म्हटलं.

तुमच्या घरी असं कुणी असेल, तर त्यांचं वाक्य पुरं होईपर्यंत थांबता का? खरं सांगा.

मीही खरं सांगते. गेममध्ये पॉजचं बटण होतं. रिमोट माझ्या हातात होता.