धाब्यावरची जुनी माती

मंडळी, हात अजून मातीनेच भरलेत.

डिप्टीसाहेब तपासणीला येणार, म्हणून आज जानेफळच्या आमच्या शाळेच्या धाब्यावर, म्हणजे मातीच्या सपाट छतावर, मी नवी पांढरी माती टाकून घेत होतो. दरवर्षी टाकतो, छत गळू नये म्हणून. खाली मुलं पाढे म्हणत होती.

रस्त्याने जाणारे सखाराम गवंडी थबकले. "मास्तर, माती थांबवा. भिंत फुगून राह्यली. पह्यले पोरं काढा."

मुलं बाहेर आली आणि मागे भिंतीचा मोठा पोपडा कोसळला.

सखारामभाऊंनी तुळयांना टेकू दिले, मग धाबं खणलं. मातीचे थर गुडघ्याच्या वर निघाले.

"भिंत मजबूत व्हती, मास्तर. तुमी दरसाल माती टाकत गेले, जुनी काढली कधीच नाही. त्या वजनानं फुगली."

सात वर्षं मीच टाकतोय. त्याच भिंतीला पहिलीची मुलं टेकून बसतात.

तुमच्या धाब्यावरची जुनी माती कधी काढली होती?